उधारीचं गोंदण

राजकोट
११ मार्च

दिव्याबाई,

मंग कोणाच्या भरवशावर मायले गावाले जाऊ दिलं? हेच विचारून राह्यलो होतो तं तू फोन कट केला. पुन्हा लावला तं उचलला नाई. वरून मेसेज टाकते का, ओरडायचं असन तं लिहून पाठव. ज्यानं सहावीत आश्रमशाळेच्या भिंतीवरून उडी मारली त्याले तू लिहायले लावतेस. ठीक हाये. लिहितो. ओळी वाकड्या गेल्या तं गेल्या.

मायच्या फुफ्फुसात गाठ हाये हे मले जानेवारीत समजलं, ते बी भाऊजीच्या तोंडून. तू लपवलं, का तं म्हणे अतुल काम सोडून पळत येईन. बरं. मंग म्हणालीस ऑपरेशन झेपणार नाई तिले, मशीनखाली ठेवून गाठ जाळतात. ते बी बरं. अन् परवा काय सांगतेस, दवाखान्यात तिच्या छातीवर अन् दोन्ही बगलेखाली पेनानं फुल्या मारल्या, त्या फुल्याईवर नेम धरून चोवीस तारखेपासून मशीन चालणार हाये. अन् त्या फुल्या अंगावर घेऊन माय गेली मोह वेचायले. तू बारावी शिकली हायेस ना बाई?

मी इथी काय करतो हे तुले मालूम नाई, तू कधी विचारलंच नाई. आमची मशीन लोखंडाचा पत्रा उजेडानं कापते. आधी पत्र्यावर लाल रेघ पडते. आपण मारलेल्या खुणेवर ती रेघ बरोबर बसली का मंग उस्ताद बटन दाबते. पत्रा हलू द्यायचा नाई, एवढंच माझं काम. मागच्या महिन्यात एक पत्रा माशीच्या पायाएवढा सरकला अन् अख्खा माल भंगारात गेला. ही लोखंडाची गत. माय काई लोखंडाची नाई. तिच्या फुल्या सरकल्या तं तो उजेड कुठी जाईन? काळीज बाजूलेच असते ना?

मोहाच्या झाडाखाली माय कशी राहते ते मी लहानपणापासून पाह्यलं हाये. उजाडायच्या आधी टोपली घेऊन जाते, उन्हं डोक्यावर येईपर्यंत वाकलेली. अंग घामानं भिजलेलं. मंग तशीच नदीत. पेनाची शाई तिथी किती दिवस टिकन? अन् चैतूमामाले तं यातलं काईच समजत नाई. तो म्हणन, बरं झालं, अंग साफ झालं.

मायले निरोप दे, खुणा जपजो म्हणा. काईबी कर, पुसू देऊ नको. पेनाचा भरवसा नसन तं रुखमाबाईकडून गोंदून घे म्हणा. अख्ख्या गावाचे हातपाय गोंदले तिनं, तीन फुल्या तिले काय जड हायेत? तुमच्या दवाखान्यापेक्षा पक्कं काम होईन.

मी तिथी असतो तं असं होऊ दिलं नसतं. पण मी इथी हाओ. पत्रा धरून.

अतुल


ऊर्जानगर
१७ मार्च

अतुल,

जोहार. तुझं पत्र मिळालं. तुझ्या भाऊजीनं वाचलं अन् म्हणाले, या पोरानं भिंतीवरून उडी मारली नसती तर वकील झाला असता. मी म्हटलं, आरोपीचा वकील नाई, सरळ फाशी देणारा झाला असता.

लिहायले मी मुद्दाम लावलं. फोनवर तू मले बोलूच देत नाईस. कागदावर निदान माझी पाळी येते.

आता नीट वाच. दवाखान्यातली मशीन तुझ्या मशीनसारखी कापत नाई. मले बी भीती होती, म्हणून मी निशात मॅडमले विचारलं. मशीन त्याच चालवतात, इथल्याच आहेत, चंद्रपूरच्या. त्याईनं मले कागदावर काढून दाखवलं. मशीनचा हात मायच्या भोवती फिरते अन् वेगवेगळ्या बाजूनं किरण सोडते. एकेक किरण हलका असते, जिथून आत जाते तिथलं फार बिघडत नाई. पण सगळे एका जागेवर येऊन मिळतात, अन् ती जागा म्हणजे गाठ. पूर्ण मार तिथंच बसते. गाठ बोराएवढी आहे अन् किरणाईले गाठीचाच आकार देतात. काळजाले वळसा घालून जाणाऱ्या वाटा आधीच ठरवतात.

तू म्हणतोस पत्रा हलू द्यायचा नाई. माणूस तर हलतेच. श्वास घेतला की गाठ वर-खाली होते. म्हणून मायले श्वास धरून ठेवायले शिकवलं. धरला की किरण चालू, सोडला की बंद. बाकीचे लोक घाबरतात, खोकतात. मायनं पह्यल्याच वेळी इतका धरला की मॅडमच म्हणाल्या, "बस मावशी, सोडा आता." मी सांगितलं, पामुलगौतमीत बुडी मारून दगडाखालचे मासे हातानं धरणारी बाई आहे ही.

राह्यला गावाचा प्रश्न. स्कॅन काढला की लगेच मशीन चालू होत नाई. डॉक्टर अन् हिशोब करणारे बसतात, कोणता किरण कुठून किती, हे ठरवतात. त्याले वेळ लागते. तोवर मी मायले या एका खोलीत डांबून ठेवू? खिडकीतून काय दिसते, तर धुराच्या चिमण्या अन् कंपनीच्या बसा. चार दिवस ती दारात बसून एकच बोलत होती, मोह पडून राह्यला असन, गाई खाऊन जातील. डॉक्टरले विचारूनच पाठवलं. खुणाईवर पारदर्शक पट्ट्या चिकटवून दिल्या आहेत. मी काई तितकी येडी नाई.

अन् तुझा निरोप मी सांगितला नाई. मायले तुझं अक्षर पाहायचं होतं, म्हणून पत्रच भामरागडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं. चैतूमामाची प्रिया वाचून दाखवन. पत्र वाचून झालं की परत आणजो म्हणाव, असं सांगितलं आहे, तर ते काई ती आणत नाई. उशीखाली ठेवन.

दिव्या


राजकोट
२२ मार्च

दिव्याबाई,

जसंच्या तसं पत्र काऊन पाठवलं? मामाले काईच समजत नाई असं मी लिहिलं होतं अन् ते प्रियानं मामाच्याच ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं असन. आता गावाले गेलो तं मामा मले कोंबडीचा पाय बी देणार नाई.

तुझी किरणाईची गोष्ट मी चार वेळा वाचली. समजली नाई. एक हलका तं दहा बी हलकेच असतीन. अन् ते सगळे तिथीच येऊन मिळतीन याची गॅरंटी कोण देईन? उस्तादले विचारलं. तो म्हणते, "वो अलग मशीन है, तू पत्रा पकड." सगळे मले हेच सांगतात. पत्रा धर. हैदराबादेत मिरचीचं पोतं धर, सुरतेत कापडाचा गठ्ठा धर, इथी पत्रा धर. माझ्या मायचं काय चालू हाये हे मले धड कोणी सांगत नाई. सांगतलं तं कागदावर, अन् पाच दिवसांनी.

काल माझा हात सुटला. त्या बोराएवढ्या गाठीचं डोक्यात होतं. पत्रा सरकला, माल गेला. शेठनं मले मशीनवरून काढून झाडू मारायले लावलं हाये. हे मायले सांगू नको.

चोवीस तारखेले एकदा मशीनखाली गेली का सुटली ना ती? मंग पंचवीसले तिले गावाले जाऊ दे, मोहाचे अजून आठ-दहा दिवस राहतीन. मी चोवीसले संध्याकाळी फोन करीन. तेव्हा तरी उचल.

अतुल


ऊर्जानगर
२९ मार्च

अतुल,

तू चोवीसले फोन केला, पंचवीसले केला, मी उचलला नाई. काय सांगायचं ते मलेच कळत नव्हतं. आता लिहिते. खाली बसून वाच.

चोवीसले माय पहाटेच्या गाडीनं आली. मी तिले थेट दवाखान्यात नेलं. खुश होती. तुझं पत्र कमरेले खोचलेलं. एका दिवसात होत नाई रे, आठ वेळा मशीनखाली जायचं आहे, एक दिवसाआड. त्यातला पह्यला दिवस.

निशात मॅडमनं तिले पाटावर झोपवलं, लाईट कमी केली, भिंतीतून हिरव्या रेघा सोडल्या. तुझ्या लाल रेघेसारख्याच. त्या फुलीवर बसवायच्या असतात. गाऊन बाजूले केला अन् मॅडम तशाच थांबल्या.

पेनाच्या फुल्या नव्हत्याच. तिथं गोंदण होतं. तीन फुल्या, अन् प्रत्येक फुलीच्या भोवती ठिपक्यांचं रिंगण. कातडी सुजून लाल झालेली, वरून हळद अन् तेल.

झालं असं, की तुझं पत्र पोचायच्या आधीच घामानं पट्ट्या निघाल्या होत्या. एक फुली गेली होती, बाकी दोन पुसट. प्रियानं तुझं पत्र वाचलं, 'काईबी कर, गोंदून घे.' माय त्याच दिवशी रुखमाबाईकडे गेली. गेलेली फुली दोघींनी आठवून आठवून ठरवली. अन् रिंगण कशाले, विचारलं तर रुखमाबाईचं म्हणणं, नुसती फुली तर जंगलातले साहेब तोडायच्या झाडावर मारतात, बाईच्या अंगावर मी मारणार नाई.

मॅडमनं मशीनवरच फोटो काढून पाह्यला. आतली गाठ अन् बाहेरची खूण जुळत नव्हती. त्याईनं बटन दाबलंच नाई. म्हणून म्हणते, तुले भीती होती तसं काई झालं नाई, किरण कुठंच गेला नाई. हे फोटो दर वेळी काढतातच.

डॉक्टर आले. रागावले नाईत. विचारलं, कोणी सांगितलं होतं? मायनं कसं सांगितलं माहीत आहे? छाती पुढं करून. म्हणाली, "माझ्या पोरानं लिहून पाठवलं."

डॉक्टर म्हणाले, सुजलेल्या कातडीतून किरण द्यायचे नाईत, आधी ती बसू द्या. मंग नवीन स्कॅन, नवीन हिशोब. आठ एप्रिलले या. अन् आता पेनानं नाई, आपणच सुईनं ठिपके टाकू, तिळाएवढे, म्हणजे गावी गेली तरी जाणार नाईत. हो, दवाखान्यात बी गोंदतात. मॅडम म्हणाल्या, मावशी, तुमची कल्पना बरोबर होती, जागा चुकली फक्त.

माय तिथं हसली. पण ऑटोत मी तिले बोलले. लय बोलले. आठ दिवसाची मजुरी बुडवून तुझ्या भाऊजीनं तिच्या फुकट इलाजाच्या कार्डाचे कागद केले होते, ते सगळं काढलं. ती बाहेर रस्त्याकडं पाहत राह्यली. सव्वीसले सकाळी मी पाणी भरून आले तर खोलीत नाई. भामरागडच्या गाडीत बसून गेली. मामाच्या गावात नेटवर्क नाई. कंडक्टरजवळ निरोप पाठवला तर उत्तर आलं, मोह संपल्याशिवाय येत नाई.

ती माझ्यावर रुसली आहे. मी बोलावून येणार नाई. तुझं ती ऐकते, हे तर तू पाह्यलंच. आता तूच लिही. सरळ तिले लिही.

दिव्या


राजकोट
३ एप्रिल

माय,

हे प्रिया वाचून दाखवन. प्रिया, मधात हसू नको, अन् मामा जवळ असन तं त्याले बाहेर पाठव.

माय, तू असं काऊन केलं? मी रागात काईबी लिहितो. मी तं दिव्याबाईले बी मागं म्हटलं होतं का आश्रमशाळेची भिंत पाड, तशी ती पाडायले जाते का? तू पत्र ऐकलं अन् उठून रुखमाबाईकडे गेली. एरवी माझं कधी ऐकलं? हैदराबादले जाऊ नको म्हणाली, गेलो. परत ये म्हणाली, आलो नाई. मी तुझं ऐकत नाई, तू माझं ऐकत नाई, आपलं बरं चाललं होतं. मंग याच वेळी ऐकायचं काय काम होतं?

दिव्याबाई म्हणते तू रुसून गेली. मले वाटते तू भ्याली. मशीनले नाई, डॉक्टरले. तुले वाटलं आपल्यामुळं काम बिघडलं. तं ऐक, इथी माझ्यामुळं दोनदा माल बिघडला अन् मी तरी रोज सकाळी त्याच शेडमंधी जातो. सध्या झाडू मारतो, पण जातो. काम बिघडलं म्हणून कोणी तोंड लपवत नाई. नवीन पत्रा चढवतात, नवीन खूण मारतात.

किरणाईचं मले अजून बी समजलं नाई. एक हलका अन् सगळे मिळून भारी, हे कसं होते देव जाणे. पण त्या बाईनं फोटो पाहून बटन दाबलं नाई, हे मले समजलं. आमचा उस्ताद तं दाबून मंग पाहते. म्हणजे ती बाई आमच्या उस्तादापेक्षा बरी. तिच्या हाताखाली झोपायले हरकत नाई.

आठ तारखेले जाजो. हे पत्र त्याआधी पोचलं नाई तं पोचल्या पोचल्या जाजो. मोहाचं काय, मोह पुढच्या वर्षी बी पडते. त्या गाठीले पुढचं वर्ष दाखवायचं नाई हाये.

दम लागते का? लागत असन तं लागते म्हणून लिही. लपवू नको. या घरात सगळेच लपवतात.

अतुल


भामरागड
९ एप्रिल

अतुलदादा,

मी प्रिया. तुमचं पत्र काल आलं. बाबांना बाहेर पाठवलं नाही, त्यांना आधीच्या पत्रातलं सगळं पाठ आहे. ते म्हणतात, अतुल आला की त्याला सांगतो मला काय काय समजतं.

आत्या बोलते ते मी मराठीत लिहिते. ती आपल्या बोलीत बोलते अन् मधात मधात रागावते, तेवढं सोडून दिलं आहे.

आत्या म्हणते, ती कोणावर रुसली नाही. दिव्याताई ऑटोत बोलली ते खरंच होतं, त्यात रुसायचं काय. ती भ्याली पण नाही. मशीन तिला पटली आहे. तुम्हाला किरणांचं समजत नाही हे ऐकून ती हसली. म्हणाली, त्याला सांग, तू लहान होतास तेव्हा आजोबा पारधीला जायचे ते आठव. गावातले सगळे गडी चारी बाजूंनी हाका देत जंगलात शिरायचे. एकेकट्या गड्याला डुक्कर काय भीक घालते. बाजूने निघून जाते, गड्यालाही काही होत नाही, डुकरालाही नाही. पण सगळे चालत चालत जिथे एकत्र येतात, तिथे डुकराला जागा उरत नाही. गाठ म्हणजे ते डुक्कर. मधल्या झाडझाडोऱ्याला कोणी कुऱ्हाड लावत नाही.

तर ती परत का आली, ते आता लिहिते. हे तिने दोनदा सांगितलं, अन् एक शब्द पण सोडू नको म्हणाली.

रुखमाआजीने गोंदलं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. आत्याने तांदूळ नेले होते, ते परत दिले. मोह देते म्हणाली, तर नाही. रुखमाआजी म्हणाली, गोंदून घेणारीने स्वतः द्यायचं नसते. लहानपणी बाप देते. मोठेपणी ज्याने गोंदायला सांगितलं तो देते. तुझ्या पोराने सांगितलं, तुझा पोरगा देईन. अन् वरून ऐकवलं, तीन फुल्या मला काय जड आहेत असं लिहितो ना, मग त्याला पण जड जाऊ नये.

आत्याला वाटलं होतं, मशीनचं होऊन जाईल अन् तुम्ही दिवाळीला याल तेव्हा द्याल. पण त्या दिवशी मशीनखाली झोपल्यावर तिच्या मनात आलं की आपल्या अंगावर उधारीचं गोंदण आहे. अन् डॉक्टर म्हणाले, अजून ठिपके टाकू. म्हणजे अजून उधारी. ती ऑटोत गप्प होती ती याच्यामुळे. इथे येऊन तिने पुन्हा रुखमाआजीला विनवलं, मोहाची भरलेली टोपली दारात नेऊन ठेवली. आजीने हात लावला नाही.

आता ती बोलली ते जसंच्या तसं:

"अतुल, माणूस मेलं की दागिने पोरं काढून घेतात, लुगडं जळून जाते. सोबत जाते ते गोंदण. पण त्याचं मोल दिलेलं असलं तर. न दिलेलं गोंदण म्हणजे नुसती जखम. मी त्या मशीनखाली जाते, श्वास धरायचा तितका धरते. पण जखम घेऊन नाई जात. तू रुखमाचं दे. ज्या गाडीनं पैसे येतील त्याच गाडीनं मी निघते."

एवढं बोलून ती खोकली, मग बराच वेळ बसून राहिली.

दादा, हे मी माझं लिहिते. पाणी आणताना आता ती दोनदा थांबते. मागच्या महिन्यात थांबत नव्हती. उशीर करू नका.

प्रिया


राजकोट
१६ एप्रिल

माय,

दिव्याबाईनं शेवटी फोन उचलला. मी ओरडलो नाई. तिले बी नवल वाटलं, विचारते, तुझी तब्येत बरी हाये ना? तुझी आठ तारीख गेली, तं तिनं दवाखान्यात जाऊन नवीन मागून आणली, पंचवीस एप्रिल. डॉक्टर तिले म्हणाले, आज गाठ एका जागी हाये म्हणून नेम धरता येते. पसरली तं नेम कशाचा धरायचा? म्हणून पंचवीसच्या पुढं ढकलू नका. निशात मॅडमनं तुझी विचारपूस केली, म्हणाल्या, श्वास धरणारी मावशी कुठी गेली?

आता माझं ऐक. मले लय राग आला हाये. तुझा, रुखमाबाईचा, दिव्याबाईचा, त्या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीचा. एवढी मोठी मशीन, काळजाले वळसा घालून जाते म्हणतात, अन् ती कशावर अडकली, तं रुखमाबाईच्या मजुरीवर. हे इथी कोणाले सांगायची सोय नाई. उस्तादले सांगायले गेलो तं त्यानं मले दोनदा विचारलं, पैसे दवाखान्याचे का? मी म्हटलं, नाई, दवाखान्याचं कार्डावर होते, हे गोंदणाचे. त्यानं मशीन बंद केली. मंग म्हणाला, "भेज दे, जल्दी भेज." अन् अर्ध्या दिवसाची सुट्टी शेठकडून त्यानंच मागून देल्ली.

रुखमाबाईनं मले सांगायचं ना. हिचे इतके झाले म्हणून. मी फुकट्या हाओ का? पण तिनं बटन दाबणाऱ्या मॅडमसारखंच केलं. जुळलं नाई तं पुढं जाऊ दिलं नाई. दोघी सारख्याच. तुले अशाच भेटतात.

मरायचं बोलू नको. सोबत काय जाते अन् काय नाई हे मले आत्ता ऐकायचं नाई. ते मी म्हातारा झालो का सांगजो. डुकराचं सांगतलं ते मातर समजलं. आजोबाच्या हाकाऱ्यात मी शेवटी चालायचो, माझ्या वाट्याले कधी डुक्कर आलंच नाई, म्हणून एवढे दिवस समजलं नसन. इथून मी एक हाक देऊन राह्यलो असं समज. लय दुरून हाये, हलकी हाये. बाकीचे जवळून देतीन.

दिव्याबाईले वाटते मी लिहीन का माझं चुकलं. ते मी लिहिणार नाई. तिनं पत्र जसंच्या तसं पाठवायले नको होतं.

पोस्टात गेलो. फोनवरून टाकता आले असते, पण रुखमाबाईजवळ फोन कुठी हाये? अन् तुले नोटा दिसल्या पाह्यजेत, मले मालूम हाये. पोस्टमन तुमच्याकडं गाडीनंच येते, तं तू म्हणालीस तसं होईन, त्याच गाडीनं परत निघजो. खिडकीवरचा बाबू विचारते, पाठवायचं कारण काय लिहू? मी म्हटलं, मजुरी. मजुरीच हाये ना ती.

प्रियानं भाव लिहिला नाई. दिव्याबाईले विचारलं, तं ती म्हणते तिच्या हनुवटीच्या ठिपक्याचे बाबानं तांदूळ अन् एक कोंबडी देल्ली होती. कोंबडी काई मनिऑर्डरीत जात नाई. म्हणून मी माझ्या हिशोबानं लावलं. शेठ मले दिवसाचे पाचशे देते. रुखमाबाईचा बी एक दिवस गेला असन, तिची मजुरी माझ्यापेक्षा कमी काऊन असावी? म्हणून तिचे पाचशे. मामाच्या हातून देऊ नको, तू स्वतः तिच्या दारात जा अन् म्हण, अतुलनं देल्ले.

अन् दुसरं. दवाखान्यात ते सुईनं तिळाएवढे ठिपके टाकणार हायेत. ते टाकून घे. हे मी रागात नाई सांगून राह्यलो, बसून सांगून राह्यलो. मी सांगतलं तं त्याचे पैसे बी माझ्याकडंच लागले. तेव्हा ते आधीच पाठवतो, उधारी नको. निशात मॅडम घेणार नाई, दिव्याबाई म्हणते लोक हसतीन. हसू दे. तू त्याईच्या हातावर एकदा ठेवजो. परत केले तं त्याईले चहा पाजजो, पण ठेवजो नक्की. ठिपके पडायच्या आधी ठेवजो. त्याचे एकशे एक.

मिळून सहाशे एक रुपये.

अतुल